घरी एडिट केलेला व्हिडिओ डीव्हीडीवर टाकला की बोलण्याचा आवाज जातो – मदत हवी आहे

नौपाडाकर | रविवार, रात्री ११:०५

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

बाबांना ८१ पूर्ण झाली म्हणून गेल्या महिन्यात आम्ही ठाण्यातच घराजवळच्या एका हॉलमध्ये सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम केला. शेवटी बाबा २२ मिनिटं बोलले. आजारपणानंतर त्यांचा आवाज बारीक झालाय, एवढं सलग ते आता घरीसुद्धा बोलत नाहीत. त्या भाषणातला निम्मा भाग माझ्या आत्याबद्दल आहे. तिने आंब्याच्या बागेत मजुरी करून त्यांची मॅट्रिकची फी भरली होती. गुडघ्यांमुळे आत्या देवगडहून येऊ शकली नाही. हा व्हिडिओ मुख्यतः तिच्यासाठी आहे.

मी तो घरच्या लॅपटॉपवर एडिट केला. एकूण १ तास १० मिनिटं. चित्र दोन ठिकाणचं आहे, स्टँडवरचा कॅमेरा आणि भाच्याचा फोन. बाबांचा आवाज नीट यावा म्हणून हॉलच्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळ्या छोट्या रेकॉर्डरवर घेतला होता. तोच आवाज मी चित्राला जोडला, कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज अगदी हळू ठेवला आणि मध्ये मध्ये सनईचं पार्श्वसंगीत टाकलं. एमपी४ फाइल तयार झाली, हेडफोन लावून तीनदा ऐकली, ठीक होती. मग डीव्हीडी-स्टायलर नावाच्या सॉफ्टवेअरमधून डीव्हीडी केली.

काल सोसायटीच्या हॉलमध्ये शेजाऱ्यांना दाखवली. सनई खणखणीत वाजली आणि बाबा बोलायला लागले तेव्हा आवाजच नाही. म्हणजे अगदी शून्य नाही, विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसा. शिवाय पुढे पुढे ओठ आणि शब्द यांचा मेळ सुटत गेला. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

घरच्या एलईडी टीव्हीवर हीच डिस्क लावली तर बाबांचा आवाज येतो, पण पोकळ, पातळ. पुढच्या आठवड्यात चुलतभाऊ तुतारी एक्सप्रेसने कणकवलीला जातोय, त्याच्याबरोबर डिस्क पाठवायची आहे. काय चुकलं असेल?

ऐरोली_लोकल | रविवार, रात्री ११:३१

ताई, डीव्हीडीचा हट्ट का? पेनड्राइव्हवर एमपी४ टाकून द्या, टीव्हीला लावला की झालं.

नौपाडाकर | रविवार, रात्री ११:३८

आत्याकडे जुना पेटीवाला टीव्ही आहे आणि प्लेअरला यूएसबी नाही. वाडीत नेट धड चालत नाही. तिला त्या प्लेअरची दोन बटणं पाठ आहेत, उघडायचं आणि चालू करायचं. वय ७८. ती एकटी असताना, कोणाला हाक न मारता तिला हे बघता आलं पाहिजे. म्हणून डीव्हीडीच.

जुनीरीळ | सोमवार, सकाळी ७:५०

कारण पटलं. माझ्याकडे लोकांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी डिस्कवर उतरवून द्यायचं काम बरीच वर्षं होतं, त्यामुळे लिहितो.

आधी डीव्हीडीचे नियम पाहू, कारण निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. डीव्हीडी-व्हिडिओ म्हणजे नुसती फाइल ठेवलेली डिस्क नव्हे. प्लेअरला ठरावीक साच्यातलाच आवाज कळतो: एसी-३ म्हणजे डॉल्बी डिजिटल, एमपी२, किंवा न दाबलेला एलपीसीएम. फोन आणि एडिटिंग सॉफ्टवेअर बहुतेक वेळा एएसी प्रकारचा आवाज देतात, तो या साच्यात बसत नाही. नमुन्याचा दर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते, ४८ किलोहर्ट्झ लागतो. ऑडिओ सीडीचा ४४.१ असतो, तो चालत नाही. आपल्याकडे चित्र टीव्हीच्या पाल पद्धतीचं, ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे स्थिर चित्रं.

डीव्हीडी-स्टायलरमध्ये प्रत्येक व्हिडिओच्या गुणधर्मांत आवाजापुढे 'कॉपी' निवडलंय की 'एसी३' ते बघा. मग मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवा आणि चार गोष्टींची माहिती इथे टाका: कॅमेऱ्याची फाइल, फोनची फाइल, एडिट केलेली एमपी४ आणि डिस्कवरची व्हीओबी, म्हणजे चित्र-आवाजाची फाइल. माहिती हातात आल्याशिवाय आणखी डिस्क जाळू नका, म्हणजे लिहू नका.

पांढरीदोन | सोमवार, सकाळी ९:१५

४४.१ आणि ४८ ची गल्लत झाली असती तर ताईंना ती सुरावरूनच कळली असती. ४४.१ चा आवाज ४८ समजून वाजवला की तो जवळजवळ ९ टक्के जलद जातो. काळी एक सुरातली सनई पांढरी दोन सुराच्याही वर सरकेल, आणि बाबांचा आवाज चिरका होईल. सनईचा सूर मूळ होता तोच आहे का? असेल तर ही शंका सोडून द्या.

नौपाडाकर | सोमवार, रात्री ९:२०

सूर बरोबर आहे, हार्मोनियमवर लावून पाहिला.

मीडियाइन्फोची माहिती:
कॅमेरा – २५ फ्रेम, कॉन्स्टंट.
फोन – ३० च्या आसपास, पण फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल', किमान १९ च्या जवळ.
एमपी४ – २५ फ्रेम, आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, २ चॅनेल.
डिस्क – पाल, आवाज एसी-३, ४८ किलोहर्ट्झ, २ चॅनेल, १९२ केबीपीएस.

जुनीरीळ | सोमवार, रात्री ९:५५

डिस्क नियमाप्रमाणे बनली आहे. ओठ आणि शब्दांचं कोडं मात्र दुसऱ्या ओळीत सुटलं.

फोन सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की तो प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो आणि फ्रेमची संख्या घटते. हॉलमधले दिवे मंद केले असतील तिथे ती १९ पर्यंत उतरली. काही एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र सगळीकडे ३० च आहेत असं धरून चालतात. आवाज घड्याळाप्रमाणे जातो, चित्र नाही. अंतर हळूहळू वाढत जातं ते यामुळे.

दोन प्रकारचे मेळ सुटणे वेगळे ओळखा. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सारखंच अंतर असेल तर जोडताना चूक झाली आहे, ट्रॅक सरकवला की भागतं. अंतर वाढत जात असेल तर वेगाचा दोष. तोही मोजून कळतो. २९.९७ फ्रेमचं चित्र ३० समजून वाजवलं तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो, अगदी नियमित. तुमच्यासारखा कमीजास्त झाला तर फोनवर संशय घ्यावा.

उपाय: फोनची मूळ फाइल हँडब्रेक या व्हिडिओचा साचा बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, फ्रेम रेट २५ ठेवा, त्याखाली 'कॉन्स्टंट' निवडा, गुणवत्ता चांगली ठेवा. नवी फाइल एडिटमध्ये जुनीच्या जागी लावा आणि फोनचे तुकडे पुन्हा जुळवा. हे काम कंटाळवाणं आहे पण दुसरा रस्ता नाही.

बाबांच्या आवाजाचं अजून कळलेलं नाही. ते दुसरंच काहीतरी आहे.

खाडीपलीकडे | मंगळवार, सकाळी ८:०५

वाशीहून लिहितोय. डिस्क १६एक्स वेगावर जाळली होती का? ४एक्सवर जाळा. माझ्या लग्नाच्या डिस्कचा आवाज असाच अडकत होता, वेग कमी केल्यावर थांबला.

जुनीरीळ | मंगळवार, सकाळी ८:४०

हळू जाळणं चांगलंच, जुने प्लेअर अशी डिस्क अधिक नीट वाचतात. पण वाचन बिघडलं की चित्र आणि आवाज दोन्ही अडकतात, चौकटी दिसतात, प्लेअर थांबतो. सनई खणखणीत आणि त्याच वेळी बोलणं गायब, असं जाळण्याच्या वेगाने होत नाही.

ऐरोली_लोकल | मंगळवार, दुपारी १:१०

सेंटर चॅनेल? सिनेमाच्या ५.१ आवाजात संवाद मधल्या स्पीकरला असतात. तो स्पीकर जोडलेला नसला की संगीत ऐकू येतं आणि संवाद नाही. लक्षण तेच आहे.

जुनीरीळ | मंगळवार, दुपारी १:३०

लक्षण तेच, हे खरं. पण डिस्कवर दोनच चॅनेल आहेत, मधला नाहीच.

नौपाडाकर | गुरुवार, रात्री १०:४५

फोनचे सगळे तुकडे बदलून दोन रात्रींत पुन्हा जुळवले. ओठ आणि शब्द आता शेवटपर्यंत बरोबर. जुनीरीळ, मनापासून आभार.

पण बाबांचा आवाज तसाच. तीन डिस्क वाया गेल्या. एकदा आवाज एमपी२ करून पाहिला, एकदा एलपीसीएम. सोसायटीच्या हॉलची किल्ली मागून प्रत्येक वेळी तिथे लावून बघितलं. बाबा विचारतात, "झालं का?" आणि मी "होतंय" म्हणते.

जुनीरीळ | गुरुवार, रात्री ११:००

ताई, आता जाळू नका. डीव्हीडी-स्टायलरमधून आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल बनवा आणि लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा, डिस्क लावल्यासारखीच चालते. खऱ्या प्लेअरवर बघायचंच असेल तर एक डीव्हीडी-आरडब्ल्यू आणा, पुसून पुन्हा वापरता येते. ती काही जुन्या प्लेअरांना चालत नाही, त्यामुळे आत्यांना पाठवायची मात्र साधी डीव्हीडी-आर.

साउंडचेक | शुक्रवार, पहाटे १:२०

नेरूळला राहतो, मंडपात आणि हॉलमध्ये साउंड लावणं हे माझं रोजचं काम. आत्ताच एक कार्यक्रम आवरून घरी आलो आणि धागा वाचला. तीन गोष्टी विचारतो.

एक, मिक्सरमधून रेकॉर्डरला वायर कोणती लावली होती? मिक्सरच्या बाजूला तीन पिनांचा गोल एक्सएलआर होता का, आणि रेकॉर्डरच्या बाजूला हेडफोनला असते तशी छोटी पिन?

दोन, सोसायटीच्या हॉलमध्ये प्लेअरच्या लाल आणि पांढऱ्या पिना एकत्र करून एकाच वायरने अँप्लिफायरला दिल्या आहेत का?

तीन, हे आत्ता लगेच करून बघा. एडिट केलेली एमपी४ एकच स्पीकर असलेल्या साध्या फोनवर वाजवा. हेडफोन न लावता. डीव्हीडीचा यात काही संबंध नाही, मूळ एमपी४ वाजवायची.

नौपाडाकर | शुक्रवार, सकाळी ६:१५

एक: हो, अगदी तशीच वायर. साउंडवाल्याने पेटीतून काढून दिली होती.
दोन: हो, वॉचमनने दाखवलं, दोन पिनांची एक केली आहे.
तीन: आईच्या जुन्या फोनवर वाजवली. आवाज गेला! तसाच, विहिरीतल्यासारखा! म्हणजे डिस्कचा दोष कधी नव्हताच?

साउंडचेक | शुक्रवार, दुपारी १२:४०

नव्हता. डीव्हीडी-स्टायलरने आणि प्लेअरने आपलं काम चोख केलं. बिघाड रेकॉर्डिंगच्या दिवशीच झाला आहे. आधीच सांगतो, बाबांचा आवाज पूर्ण शाबूत आहे, मिळेल.

मिक्सरमधून लांबवर आवाज नेताना आम्ही बॅलन्स्ड लाइन वापरतो. तीन पिनांपैकी एक जमिनीची. दुसऱ्या पिनेवर आवाज जसाच्या तसा असतो आणि तिसरीवर तोच आवाज उलटा, म्हणजे एकीवर लाट वर जाते त्याच क्षणी दुसरीवर खाली. हे अशासाठी की वायर वाटेत विजेच्या लाइनची, डिमरची घरघर उचलते आणि ती दोन्ही तारांवर सारखीच चढते. पलीकडचं यंत्र दोन्ही तारांमधला फरक घेतं. फरक घेतला की सारखी असलेली घरघर वजा होते आणि उलटसुलट असलेला आवाज दुप्पट होतो.

तुमच्या रेकॉर्डरला हे कळणार कसं? त्याच्या छोट्या पिनेचं टोक म्हणजे डावा चॅनेल आणि मधलं कडं म्हणजे उजवा. त्याला वाटलं स्टीरिओ आलंय. त्याने सुलट आवाज डावीकडे लिहिला आणि उलटा उजवीकडे.

हेडफोनमध्ये डावा कान आणि उजवा कान वेगळे, त्यामुळे दोन्हीकडे आवाज येतो. फक्त तो समोरून आल्यासारखा वाटत नाही, डोक्याच्या आजूबाजूला पसरतो. टीव्हीचे दोन स्पीकर जवळजवळ असतात, तिथे हवेतच थोडी कापाकापी होते, म्हणून पोकळ. आणि सोसायटीच्या अँप्लिफायरला दोन्ही पिना जोडल्या की बेरीज झाली: अधिक आणि उणे मिळून शून्य. सनई दोन्ही चॅनेलमध्ये सुलटच होती म्हणून ती वाचली. विहिरीतून आल्यासारखं जे ऐकू येतं ते मिक्सरमधलं नव्हेच. तुम्ही हळू ठेवलेला कॅमेऱ्याचा आवाज आहे तो, दूरवरून भिंतींवर आपटून आलेला.

आत्यांचा पेटीवाला टीव्ही एकाच स्पीकरचा असला तर तिथेही हेच व्हायची भीती होती.

नौपाडाकर | शुक्रवार, दुपारी १:०५

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. एडिट करताना हेडफोनमध्ये आवाज डोक्यामागून आल्यासारखा वाटला होता, मी समजले हॉल तसा असेल. आता काय करू? रेकॉर्डरची मूळ फाइल जपून ठेवली आहे.

साउंडचेक | शुक्रवार, दुपारी १:३०

मूळ फाइल ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. लाट मोठी करून बघा, वरच्या पट्टीत डोंगर तिथे खालच्या पट्टीत दरी दिसली की खात्री झाली. ट्रॅकच्या नावापाशी मेनू आहे, त्यातून 'स्प्लिट स्टीरिओ टू मोनो' करा. खालचा ट्रॅक पूर्ण निवडून इफेक्टमधलं 'इन्व्हर्ट' लावा. आता दोन्ही सुलट झाले.

बरेच जण इथे एक चॅनेल पुसून टाकतात आणि मोकळे होतात. तेही चालतं, पण मी तसं करणार नाही. दोन्ही ठेवा आणि एकत्र मिसळा. रेकॉर्डरने न केलेली वजाबाकी आता तुम्ही घरी करताय, त्यामुळे वायरने वाटेत उचललेली घरघर बरीचशी निघून जाईल. माइकमधूनच आलेला पंख्याचा आवाज मात्र जाणार नाही. मिसळण्याआधी दोन्ही ट्रॅक ६ डेसिबलने उतरवा, कारण सारख्या दोन आवाजांची बेरीज तेवढीच चढते आणि मोठे शब्द फाटतील. मग 'मिक्स अँड रेंडर'. ४८ किलोहर्ट्झची डब्ल्यूएव्ही फाइल काढा.

सुरुवातीचा किंवा शेवटचा भाग कापू नका. लांबी तीच ठेवून एडिटमध्ये जुन्या फाइलच्या जागी लावलीत, तर तुमची दोन रात्रींची जुळवाजुळव जशीच्या तशी राहील.

पांढरीदोन | शुक्रवार, दुपारी ४:००

आमच्या भजनी मंडळाच्या एका रेकॉर्डिंगमध्ये तबला आणि टाळ ऐकू येतात आणि बुवांचा आवाज मोबाइलवर येत नाही. सहा वर्षं ती फाइल खराब समजून ठेवून दिली होती. आज रात्री उघडून बघतो.

खाडीपलीकडे | शुक्रवार, संध्याकाळी ७:२५

धाग्यातच विचारतो. माझ्या डिस्कचा आवाज जातो असं नाही, पण टीव्हीच्या इतर चॅनेलच्या मानाने फार बारीक येतो. लॅपटॉपवर ठीक असतो. आणि एका मित्राच्या प्लेअरवर तर आवाजच नाही.

जुनीरीळ | शुक्रवार, रात्री ८:१०

बारीक आवाजासाठी एसी-३ बनवतानाचं 'डायलनॉर्म' तपासा. या आकड्यावरून प्लेअर आवाज किती उतरवायचा ते ठरवतो. उणे ३१ असेल तर अजिबात उतरवत नाही, उणे २७ असेल तर ४ डेसिबल उतरवतो. मित्राकडे प्लेअर डिजिटल वायरने जोडला असेल तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'रॉ' किंवा 'बिटस्ट्रीम' ऐवजी 'पीसीएम' करा. पलीकडच्या यंत्राला डॉल्बी उलगडता येत नसला की शांतता मिळते.

नौपाडाकर | रविवार, रात्री १२:१०

झालं.

ऑडॅसिटीत दोन्ही पट्ट्या मोठ्या केल्या तेव्हा तलावपाळीच्या पाण्यात काठावरच्या दिव्यांची उलटी सावली पडते ना, अगदी तसं दिसलं. खालची उलटवली, मिसळली. मागची गूं अशी जी घरघर होती ती जवळपास गेली. आता बाबा बोलायच्या आधी श्वास घेतात तोही ऐकू येतो.

या वेळी क्रम असा ठेवला: एमपी४ आईच्या फोनवर ऐकली, मग आयएसओ व्हीएलसीत, मग आरडब्ल्यू सोसायटीच्या हॉलमध्ये, आणि सगळं बरोबर आल्यावर डीव्हीडी-आर ४एक्सवर. आज संध्याकाळी शेजाऱ्यांना पुन्हा बोलावलं. गेल्या वेळेपेक्षा जास्त लोक आले. बाबांनी आपलंच भाषण पूर्ण ऐकलं आणि आत्याचा भाग आल्यावर माझा हात धरून ठेवला.

साउंडचेक | रविवार, सकाळी ९:३०

फार बरं वाटलं. पुढच्या कार्यक्रमाला मिक्सरवर 'रेक आउट' किंवा 'टेप आउट' लिहिलेल्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना असतील तर त्यातूनच रेकॉर्डरला आवाज घ्या, त्या बॅलन्स्ड नसतात. आणि साउंडवाल्याला आधी सांगा. आम्ही लोक गडबडीत हाताला येईल ती वायर देतो, ही चूक आमच्या बाजूची आहे.

पांढरीदोन | रविवार, सकाळी ११:४५

बुवा सापडले. तेही उलटेच निघाले. साउंडचेक, मंडळातर्फे नमस्कार.

नौपाडाकर | शनिवार, रात्री ८:५०

चुलतभाऊ काल वाडीत पोचला. आत्याने प्लेअर स्वतःच लावला म्हणे, त्याला हात लावू दिला नाही. आवाज स्वच्छ आला. तिने फोन केला तेव्हा बाबांनी विचारलं, "नीट ऐकू आलं का गं?" आत्या त्यांच्याशी काही बोलली नाही, मला फोन द्यायला सांगितला. मग मला म्हणाली, "तेचो आवाज आता आमच्या आप्पांसारखो येता." आप्पा म्हणजे त्यांचे वडील. त्यांचं कुठलंच रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही.

दुसरी डिस्क मागितली आहे तिने, ही सारखी लावून झिजेल म्हणून. झिजत नाही म्हटलं, तरी हवीच आहे. आज रात्री करते.